उंदीर दिसतच नव्हता, मग घुबडाने धरला कसा?

ढोलीवाला (धागाकर्ता)

मंडळी, गेले चार दिवस डोक्यात एकच किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

एका पडक्या गोदामात गव्हाणी घुबडाची जोडी राहते हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं, तेही घुबड बघून नाही तर भिंतीवरचे चुन्यासारखे पांढरे ओघळ बघून. तेव्हापासून जमेल तशी संध्याकाळी फेरी असते. परवा अमावस्या होती, म्हटलं बसून तर बघू, नाही दिसलं तर नाही. गोदामाच्या मागे गुडघाभर गवत आहे, त्याच्या कडेला दगडाला पाठ टेकून बसलो, मोबाईल बंद, टॉर्च बंद. पाऊण तास नुसते डास. मग एकदम खिडकीतून काहीतरी पांढुरकं बाहेर पडलं, रुमाल हवेत सोडावा तसं, आणि गवतावरून पुरुषभर उंचीने तरंगत माझ्या समोरून गेलं. आवाज शून्य. म्हणजे मला माझा श्वास ऐकू येत होता पण एवढ्या मोठ्या पक्ष्याचे पंख नाही. मध्येच हवेत थबकलं, जागच्या जागी दोन-तीनदा पंख मारले, पाय पुढे आले आणि धप्प करून गवतात. उडालं तेव्हा आभाळाच्या उजेडात पायाखाली शेपटी लोंबताना दिसली.

सकाळी मुद्दाम जाऊन ती जागा बघितली. गवत इतकं दाट की भर उन्हात, वाकून, हाताने बाजूला करूनही मला जमीन नीट दिसेना. मग अमावस्येला वरून उडता उडता त्याला उंदीर दिसला कसा? डोळे कितीही पॉवरफुल असले तरी गवताच्या आरपार बघत नसतील ना? जाणकारांनी प्रकाश टाका.

सांजवात

भारी लिहिलंय, वाचतेय. आमच्याकडे समोरच्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, अजून उजेड असतानाच बाहेर येऊन बसतात आणि माझ्याकडे बघून मान खाली-वर, डावी-उजवी अशी गोल नाचवतात. मला वाटायचं चिडवतायत. ते का करतात हेही कुणीतरी सांगा.

दोन शून्य

सोप्पंय की. घुबडाला माणसापेक्षा शंभर पट जास्त दिसतं अंधारात. शाळेत असताना वाचलेलं.

तिसरी पापणी

@दोन शून्य, ते शंभर पट प्रकरण फार जुनं आहे आणि फार पसरलेलं आहे, पण तसं नाहीये. ग्रॅहम मार्टिन या संशोधकाने १९७७ मध्ये टॉनी आऊल या घुबडावर प्रत्यक्ष मोजमाप केलं, की अगदी कमीत कमी किती उजेड असला तर त्याला कळतो. उत्तर आलं सरासरी माणसाच्या साधारण अडीच पट. बस्स. मांजराच्या खालीच. म्हणजे ढोलीवाला, तुम्ही अंधारात तासभर डोळे मुरू दिलेत तर तुम्ही आणि ते घुबड दिसण्याच्या बाबतीत फार लांब नाही आहात, बाकी बाबतीत आहात :)

डोळे मोठे असतात हे खरंच. इतके मोठे की ते गोल राहिलेच नाहीत, नळीसारखे झालेत, भोवती हाडाचं कडं. त्यामुळे आपल्यासारखे ते खोबणीत फिरवता येत नाहीत. तिरकं बघायचं तर अख्खं डोकंच वळवायचं. आणि जवळचं त्यांना धड दिसत नाही. चोचीपाशी आलेला उंदीर डोळ्यांपेक्षा चोचीभोवतीच्या केसासारख्या पिसांनी चाचपून ओळखतात. पिल्लाला घास भरवताना बघा कधी, आई डोळे मिटून घेते चक्क.

@सांजवात, तुमचा पिंगळा चिडवत नव्हता, अंतर मोजत होता. डोळे जागचे हलत नाहीत ना, मग डोकं हलवून एकाच वस्तूकडे वेगवेगळ्या जागेवरून बघायचं. जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी, त्यावरून अंदाज. एक डोळा मिटून दाराच्या कडीकडे बघत मान हलवा, लगेच कळेल.

सांजवात

हलवली. घरचे विचारतायत काय झालं :D

निवृत्त मास्तर

मूळ प्रश्नाकडे येतो. ढोलीवाला, घुबडाला तो उंदीर दिसला नाहीच, ऐकू आला.

आमचं आयुष्य फिजिक्स शिकवण्यात गेलं त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या. रॉजर पेन नावाचा शास्त्रज्ञ, जो पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगभर गाजला, त्याने सुरुवातीला गव्हाणी घुबडावर काम केलं होतं. खोली पूर्ण काळोखी केली, जमिनीवर वाळका पाचोळा पसरला, उंदीर सोडला. मिट्ट काळोखात घुबडाने धरला. आता शंका अशी की उंदराच्या अंगाची उष्णता कळत असेल किंवा वास येत असेल. म्हणून त्याने उंदराऐवजी कागदाचा बोळा दोऱ्याने पाचोळ्यातून ओढला. घुबडाने बोळ्यावर झडप घातली! बोळ्याला ना उष्णता ना वास, होती फक्त खसखस. मग एका कानात कापूस घातला तर नेम चुकला. झालं सिद्ध.

आता कान कसे काम करतात ते. उजवीकडून आवाज आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हे आपल्यालाही कळतं. घुबडाचं डोकं केवढंसं, त्यामुळे आवाज अगदी एका अंगाला असला तरी हा फरक सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी दोनशेच्या आसपास, आणि समोरच्या आवाजात बारीक फरक ओळखायचा तर त्यातले जेमतेम दहा भाग. तेवढ्यावरून त्याला डावं-उजवं कळतं, एक-दोन अंशांपर्यंत.

पण उडणाऱ्या पक्ष्याला वर-खालीही कळायला हवं. तिथे खरी गंमत आहे. गव्हाणी घुबडाचे कान समोरासमोर नाहीतच! डावं भोक थोडं वर आहे आणि त्याचा रोख खाली, उजवं थोडं खाली आणि रोख वर. त्यामुळे खालून आलेला आवाज डाव्या कानात मोठा लागतो, वरून आलेला उजव्यात. आवाजाच्या वेळेतल्या फरकावरून आडवी जागा, मोठेपणातल्या फरकावरून उभी जागा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे उंदीर. आम्ही ग्राफ पेपरवर एक्स आणि वाय शिकवायचो ते हा पक्षी उडता उडता सोडवतो, आणि पोरांना परीक्षेत जमत नव्हतं.

दोन शून्य

साष्टांग मास्तर _/\_ शंभर पट मागे घेतो. पण मग ती डोक्यावरची शिंगं? मला वाटायचं तेच कान.

तिसरी पापणी

ती नुसती पिसं. शृंगी घुबडाला, शिंगळ्याला असतात, ऐकण्याशी काही संबंध नाही. खरं भोक डोळ्याच्या बाजूला पिसांखाली झाकलेलं असतं. आणि गव्हाणीचा तो बदामासारखा चेहरा आहे ना, सफरचंद उभं कापल्यासारखा, तीच त्याची डिश अँटेना. कडेला कडक दाट पिसांची भिंत असते, ती आवाज गोळा करून कानाकडे ढकलते. आपण नीट ऐकू येत नसलं की कानामागे तळहात धरतो, तसा तळहात त्याने कायमचा लावून ठेवलाय.

एक भर घालते. वर-खाली कान हा प्रकार सगळ्या घुबडांत नसतो. शृंगी घुबडाचे कान जवळपास समोरासमोरच. जी जात जास्त काळोखात आणि गवताखाली-बर्फाखाली शिकार शोधते तिच्यात हा वाकडेपणा जास्त. आणि सगळी घुबडं रात्रीची असंही नाही, रानपिंगळा दिवसा शिकार करतो, बर्फाळ प्रदेशातलं पांढरं घुबडही.

गवतातला उंदीर

माझ्या आयडीला जागून विचारतो, मग उंदराने करायचं काय?

ढोलीवाला

गप्प बसायचं =)) 

मास्तर, डोक्यातला किडा निम्मा मेला. आता नवीन. एवढं बारीक ऐकायचं तर स्वतःच्या पंखांचा आवाज आड येत नाही का? कबुतर उडतं तेव्हा केवढा फडफडाट होतो.

पायवाट

हे मला माहितीये कारण हातात धरून बघितलंय. मागे एका झाडाखाली घुबडाचं मोठं पीस पडलेलं मिळालं, पंखाच्या अगदी टोकाकडचं. पुढच्या कडेवरून बोट फिरवलं तर फणी! खरंच बारीक फणीसारखे दाते एका ओळीत, सगळे एकीकडे वळलेले. मागची कड उलट, शालीच्या दशांसारखी मोकळी, विस्कटलेली. आणि वरचा पृष्ठभाग मखमल. कानाजवळ नेऊन जोरात हलवलं, काही नाही. मग शेजारीच पडलेलं कावळ्याचं पीस तसंच हलवलं, सप् सप् वाजलं. बघून दोन्ही तिथेच ठेवून आलो.

ती फणी पंखाला आदळणारी हवा विंचरून बारीक करते, मागच्या दशा हवेचे भोवरे शांत करतात, मखमलीमुळे पिसावर पीस घासल्याचा आवाज दबतो. शिवाय अंगाच्या मानाने पंख प्रचंड मोठे, त्यामुळे फार वेळा मारावे लागत नाहीत. उंदराला चाहूल नको हे एक कारण झालं, पण ढोलीवाला म्हणतात ते दुसरं, स्वतःच्या आवाजात उंदराचा आवाज बुडू नये.

आणि याचा उलटा पुरावा मत्स्य घुबड. त्याच्या पिसांना ही फणी नसते, उडताना आवाज येतो, चेहऱ्याची तबकडीही नावालाच. कारण गिऱ्हाईक पाण्याखाली, वर पंख वाजले काय न वाजले काय, माशाला काय फरक पडतो. आणि माशाची खसखस तरी कुठून ऐकू येणार.

सांजवात

मत्स्य घुबडाचं हे अजिबात माहीत नव्हतं, मस्त. जाता जाता, मान पूर्ण गोल फिरते म्हणतात ते खरं का?

तिसरी पापणी

पूर्ण नाही, २७० अंश. म्हणजे एका बाजूला तेवढी. आपल्याकडे बघत असतं, मग उजवीकडून वळवत वळवत पाठीवरून डाव्या खांद्यापर्यंत नेतं, आणि झटक्यात परत येतं. ते परत येणं आपल्या नजरेतून निसटतं म्हणून वाटतं गरागरा फिरली. मानेत मणके १४, आपल्यात ७. त्याहून अवघड गोष्ट रक्ताची. मान एवढी पिळल्यावर मेंदूकडे जाणारी नळी चेपायला हवी. २०१३ साली अमेरिकेत घुबडांच्या मानेच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास झाला त्यात दिसलं की मणक्यातल्या ज्या भोकातून ती नळी जाते ते नळीच्या साधारण दहा पट रुंद आहे, भरपूर ढिलाई. आणि डोक्याच्या बुडाशी वाहिन्या फुगून रक्त थोडं साठवून ठेवू शकतात, टाकीसारखं. माणसाच्या मानेला असा हिसका बसला तर थेट हॉस्पिटल.

लेन्सवाला

चांगली चर्चा. मी फोटो काढतो, माझा अनुभव सांगतो. मोबाईलवर घुबडाची हाक वाजवली की दहा मिनिटांत समोर येऊन बसतं, तासन्‌तास डास खायची गरज नाही. टॉर्च मारली की पोझ पण देतं, अगदी ताठ उभं राहतं.

पायवाट

@लेन्सवाला, राग मानू नका पण ती पोझ नाही हो. अंग बारीक करून ताठ उभं राहणं, डोळ्यांच्या फटी करणं, शिंगं असतील तर उभी करणं, हे घुबड घाबरल्याचं लक्षण आहे, मी फांदीचा तुकडा आहे असं ते सांगत असतं. तुम्ही फोटो काढता तेव्हा ते तुम्ही जायची वाट बघत असतं. मोकळं असलेलं घुबड पिसं फुलवून गोळ्यासारखं बसतं, पिसं साफ करतं, जांभई देतं.

आणि हाक वाजवली की का येतं, तर आपल्या इलाक्यात दुसरा घुसला असं वाटून भांडायला येतं. अंडी-पिल्लं असताना घरटं सोडून येतं. एका ग्रुपबरोबर मी एकदाच गेलो होतो, तासाभरात वीस वेळा हाक वाजवली त्यांनी, मादी ढोलीबाहेर येऊन येऊन दमली. पुढच्या महिन्यात ती ढोली रिकामी होती. त्याच कारणाने की आणखी कशाने ते मी छातीठोक सांगणार नाही, पण नंतर त्यांच्याबरोबर गेलो नाही.

लेन्सवाला

ताठ उभं राहण्याचं खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडचे निम्मे फोटो मग घाबरलेल्या घुबडांचे आहेत म्हणायचे :( पण मग शोधायचं कसं?

पायवाट

दिवसा शोधा, रात्री बघा.

दिवसा बुलबुल, कोतवाल, सातभाई, खारी एखाद्या झाडात एकाच जागेकडे तोंड करून कलकलाट करत असतील तर थांबा. एकतर साप, मांजर नाहीतर घुबड. शिकाऱ्याचं ठिकाण जगजाहीर करायचा त्यांचा उद्योग असतो, आपला आयता फायदा. नाहीतर खाली बघत चाला. पांढरे ओघळ आणि त्याखाली गोळ्या. घुबड उंदीर गिळतं, मग केस आणि हाडं पचत नाहीत ती पोटात दाबून त्याचा गोळा करून काही तासांनी तोंडावाटे टाकून देतं. ती विष्ठा नव्हे, वास जवळजवळ येत नाही. गव्हाणीची गोळी अंगठ्याएवढी, काळी, ताजी असली की लाखेचा हात फिरवल्यासारखी चकचकीत.

अशी एक गोळी रात्रभर पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवली होती. राखाडी केसांच्या लगद्यातून तीन कवट्या निघाल्या, अख्ख्या, एकाचा जबडासुद्धा सुटला नव्हता. दोन उंदराच्या, पुढचे दात पिवळे-नारिंगी आणि मग दाढांपर्यंत मोकळी जागा. तिसरी लांबुडकी, टोकदार दात सलग, चिचुंद्री. घुबडाचा कालचा मेन्यू तुमच्या ताटलीत. हातमोजे घाला आणि नंतर साबण लावा.

रात्री टॉर्च लागलीच तर मंद आणि लाल, तीही जमिनीवर, पक्ष्यावर नाही. बाकी हालचाल कमी. तुम्ही कितीही हळू आलात तरी त्याला केव्हाच कळलेलं असतं, लपण्याचा प्रयत्न सोडा.

निवृत्त मास्तर

अवांतर नाही, अवांतरच्या जवळचं. उत्तरेकडच्या जंगलांत ग्रेट ग्रे आऊल असतं, त्याची चेहऱ्याची तबकडी सगळ्या घुबडांत मोठी. दीड-दोन फूट बर्फाखाली बोगद्यात चालणारा उंदीर त्याला ऐकू येतो. यावर २०२२ मध्ये छान काम प्रसिद्ध झालं. पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते ना, तसा बर्फातून बाहेर येताना आवाजही वाकतो, त्यामुळे उंदीर असतो एकीकडे आणि वाटतो दुसरीकडे. उपाय? बरोबर डोक्यावर जायचं, सरळ वर येणारा आवाज वाकत नाही. म्हणून ते घुबड बर्फावर उडी घेण्याआधी थेट वर हवेत तरंगत राहतं. ढोलीवाला, तुमचं गव्हाणी ‘हवेत थबकलं’ म्हणालात, तेव्हा तेही शेवटचा नेम पक्का करत होतं.

दुसरं, १९७८ मध्ये नूडसन आणि कोनिशी यांनी गव्हाणी घुबडाच्या मेंदूत आवाजाचा नकाशाच सापडल्याचं दाखवलं. एकेक पेशी अवकाशातल्या एकेका जागेसाठी नेमलेली, तिथून आवाज आला तरच ती जागी होते, शेजारच्या पेशीकडे शेजारची जागा. आणि आमच्यासारख्यांना जळवणारी गोष्ट म्हणजे, म्हाताऱ्या गव्हाणी घुबडांना तरुणांइतकंच ऐकू येतं, हे २०१७ मध्ये तपासलंय. पक्ष्यांच्या कानातल्या बारीक केसपेशी पुन्हा उगवतात. आमच्या गेल्या त्या गेल्या, घरचे दोनदा हाक मारतात.

सांजवात

मास्तर, दोनदा हाक ऐकू येत नाही की ऐकायची नसते? हलके घ्या.

गवतातला उंदीर

चांदण्या रात्री तरी आम्हाला घुबड आधी दिसत असेल ना? एवढं पांढरं पोट घेऊन फिरतं.

तिसरी पापणी

दिसतं, पण तेच तुमच्या अंगाशी येतं. स्वित्झर्लंडमध्ये गव्हाणी घुबडं काही पांढऱ्या पोटाची, काही तांबूस असतात. २०१९ च्या अभ्यासात निघालं की पौर्णिमेच्या आसपास तांबूस घुबडांची शिकार कमी होते, पांढऱ्यांची फारशी होत नाही. चांदण्यात लख्ख पांढरं पोट डोक्यावर आलं की उंदीर पळायचं सोडून थिजून बसतो, जास्त वेळ. तेवढा वेळ पुरतो.

गवतातला उंदीर

आयडी बदलतोय.

ढोलीवाला

अपडेट. हे सगळं वाचून काल परत गेलो. कागदाचा बोळा दोऱ्याला बांधून खिशात घेतला होता, खोटं कशाला बोलू, पण गोदामाजवळ पोचलो तर आतून पिल्लांचा तो फुसकारा, सापासारखा नाहीतर घोरल्यासारखा, एकसारखा चालू होता. म्हटलं घरात खाणारी तोंडं असताना कुणाला कागदावर झडप घालायला लावायची. बोळा खिशातच राहिला.

वारा जोरात होता. घुबड बाहेर आलं आणि मोडक्या खांबावर बसून राहिलं, उडेचना. अर्धा तास. आधी वाटलं माझ्यामुळे, मग लक्षात आलं की अख्खं गवत सळसळतंय, त्यात उंदराची सळसळ वेगळी काढणार कशी. नऊच्या सुमारास वारा पडला. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आज बघायचं नाहीच. बराच वेळ काही नाही, मग समोर उजवीकडे, खस, थांबून खस खस. इतकं हलकं की आधीच्या चाळीस संध्याकाळी ते तिथे असणारच आणि मी कधी ऐकलं नव्हतं. डोळे उघडले तर तो पांढरा चेहरा खांबावरून तिकडेच वळलेला होता, अंग दुसरीकडे आणि चेहरा तिकडे, अजिबात न हलता. मी अंदाजाने मनात जागा धरली. घुबड उडालं आणि मी धरलेल्या जागेच्या चांगलं दहा फूट डावीकडे उतरलं.

पायवाट

मिळाला?

ढोलीवाला

मिळाला. खिडकीतून आत गेलं आणि फुसकारा एकदम वाढला.

लेन्सवाला

फोटो?

ढोलीवाला

कॅमेरा नेलाच नव्हता हो. पिल्लं किती आहेत ते पण माहीत नाही, आवाजावरून तीन तरी वाटतात. एकाचा आवाज जाड आहे, दोघांचा बारीक.

तिसरी पापणी

बरोबर असेल. पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसतात, त्यामुळे पिल्लं दोन-तीन दिवसांच्या अंतराने निघतात, थोरलं-धाकटं फरक बराच असतो. आई-बाप बाहेर असतानाही ती ओरडत असतात ते आपसात, पुढचा उंदीर कुणाचा यावर. जे जास्त भुकेलं ते जास्त ओरडतं, बाकीची त्या घासापुरती माघार घेतात. पुढच्या वेळी डोळे मिटून मोजा.